नवी आवृत्ती घ्यायची नाही!

सध्या आमच्या नातेवाईकांत एका पुस्तकावरून दोन तट पडले आहेत. पुस्तक धार्मिक नाही, राजकीय नाही, कोणाच्या आत्मचरित्रात कोणाची बदनामी झाली आहे असेही नाही. ते एका खेळाच्या नियमांचे पुस्तक आहे. माझा नातू आणि त्याचे चार मित्र गेली काही वर्षे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. सुट्टी लागली की ही पलटण गणेशपुरीला आमच्या घरी येऊन थडकते आणि माजघरातली सतरंजी दोन-तीन दिवस त्यांच्या ताब्यात जाते. आता त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली आहे. माझ्या अमेरिकेतल्या भाचीने फोनवर जाहीर केले, "मावशी, मी येताना तिन्ही नवी पुस्तकं घेऊन येते, मुलं खूश होतील." लेक म्हणतो, "आई, खेळतायत ना मुलं, मग नवीनच असू दे." धाकट्या दिरांचेही तेच मत. माझे मत कोणी विचारलेले नाही. पण छत्तीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे न विचारता मत देण्याची सवय अंगात मुरली आहे, म्हणून ते येथे सविस्तर देते.

ही आवृत्ती घेऊ नये. विकत तर नकोच, पण भेट म्हणून आली तरी नको.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात पट असलाच पाहिजे असे नाही आणि शेवटी कोणी जिंकत नाही. एक जण गोष्ट चालवतो. तो थोडा कीर्तनकार आणि थोडा पंच. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. गोष्ट चालवणारा सांगतो, "समोर बंद दरवाजा आहे, आतून कोणीतरी कण्हतंय." मग हे सांगतात आपापले पात्र काय करते ते. दरवाजा फुटला की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. आलेल्या आकड्यात पात्राच्या अंगच्या बळाचे चार-दोन गुण मिळवायचे, बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. मलाही त्यांनी एकदा एक म्हातारी चेटकीण करून बसवले होते. तीन तास कसे गेले कळले नाही, आणि मुलांचे शब्द, युक्तिवाद, हजरजबाबीपणा पाहून वर्गातल्या निबंधाच्या तासाची कीव आली. तेव्हा या खेळाला माझा विरोध आहे अशी कोणी समजूत करून घेऊ नये.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. एका लहान पेटीत तीन पातळ पुस्तिका, एवढाच त्याचा पसारा होता. पुढे १९८९ साली दुसरी, २००० साली तिसरी, २००३ साली तिसरीची 'साडेतिसरी', २००८ साली चौथी आणि २०१४ साली पाचवी आवृत्ती निघाली. आमच्या मुलांकडे आहे ती ही पाचवी, मुंबईहून कोणाचीतरी वापरलेली आणलेली. खेळाला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२४ साली तिचीच सुधारलेली आवृत्ती काढण्यात आली. खेळाडूंचे पुस्तक सप्टेंबरात, गोष्ट चालवणाऱ्याचे नोव्हेंबरात आणि राक्षसांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. प्रत्येकाची छापील किंमत जवळजवळ पन्नास डॉलर. तिन्हींचे दीडशे झाले, म्हणजे आपले बारा हजारांच्या पुढे!

आता माझा पहिला मुद्दा. पुस्तके दोन प्रकारची असतात. काही पुस्तके जगाबद्दल सांगतात. जग बदलले की ती खोटी ठरतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी आमच्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. आमचा भिवंडी तालुका ठाण्यात राहिला आणि शेजारचा वाडा तालुका पालघरात गेला. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचा प्रत्येक जुना नकाशा चुकीचा ठरला. मुलांना तो शिकवत बसणे हा गुन्हाच झाला असता. योगायोग असा की आमच्या मुलांकडचे नियमांचे पुस्तकही त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१४ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. पण ते २०२४ साली चुकीचे ठरले का? त्यातले कोणते वाक्य खोटे झाले? ड्रॅगन नावाचा प्राणी मुळात नाहीच, मग त्याच्याविषयी नवी माहिती हाती येणार तरी कुठून?

खेळाचे नियम म्हणजे खेळायला बसलेल्या माणसांनी आपसात केलेला करार. तो मोडायचा किंवा बदलायचा अधिकार त्या माणसांचा. आम्ही विटीदांडू खेळायचो तेव्हा वकट, लेंड, मुंड, नाल ही मोजणी कोणत्या पुस्तकात होती? एका गावची पोरे एक प्रकारे खेळत आणि पलीकडच्या गावची दुसऱ्या प्रकारे. मामाकडे गेले की पत्त्यांतल्या झब्बूचे नियम बदलत. पहिला डाव सुरू होण्याआधी एकच प्रश्न असे, "तुमच्याकडे कसं खेळतात?" त्याचे उत्तर मिळाले की खेळ सुरू. "तुमच्याकडे कितवी आवृत्ती आहे?" असे विचारून कोणी कोणाला अंगणातून हाकलले नाही.

यावर माझे दीर म्हणतील, "वहिनी, मग शुद्धलेखनाचं काय? तिथे तुम्हीच नव्या नियमांचा आग्रह धरता." बरोबर आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी भर पडली. कितीतरी शब्दांच्या डोक्यावरचे अनुस्वार गेले. मी शाळेत असताना अर्धे शिक्षक जुने लिहीत आणि अर्धे नवे. पण तेथे नियम सगळ्या महाराष्ट्राने मिळून पाळायचे होते. पाठ्यपुस्तके, परीक्षा, सरकारी कागद, सगळीकडे एकच लेखन असावे ही गरज होती. शिवाय त्या नियमांसाठी बारा हजार रुपये भरावे लागले नाहीत.

बुद्धिबळाचेही असेच झाले. आपल्याकडे पूर्वी देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत. प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे. मीर सुलतान खान हा पंजाबचा खेळाडू देशी नियमांवर वाढलेला. तो आंतरराष्ट्रीय नियम शिकला आणि १९२९ साली ब्रिटनचा विजेता झाला. त्याने नियम का बदलले? कारण त्याला ज्यांच्याशी खेळायचे होते ते लोक बदलले. खेळाचे नियम बदलायला मला हेच एक कारण पटते. उद्या आमच्या नातवाला पुण्या-मुंबईत नवा गट मिळाला आणि तेथे नवी आवृत्ती चालत असली, तर त्याने ती खुशाल शिकावी. पण येथे सतरंजीवरचे पाच जण तेच, घर तेच, गोष्टही अर्ध्यावर आलेली. मग बदलले कोण? दुकानदार!

आता कोणी म्हणेल, म्हातारीने नवे पुस्तक न पाहताच झोडपायला घेतले. तसे नाही. नव्या आवृत्तीत काय बदलले ते मी नातवाकडून दोन संध्याकाळी बसून समजून घेतले आहे. जखम भरण्याच्या मंत्राला आता एकाऐवजी दोन फासे मिळतात. योद्ध्यांना शस्त्रागणिक खास कौशल्ये आली. प्रत्येक पात्राची खास शाखा आता तिसऱ्या पायरीवरच निवडायची. मांडणी अधिक सुटसुटीत आहे असे तो म्हणतो, आणि ते खरे असेल. एक बदल तर मला मनापासून आवडला. जुन्या पुस्तकात पात्र कोणत्या वंशात जन्मले यावर त्याची शक्ती किंवा बुद्धी वाढत असे. नव्यात 'वंश' हा शब्द काढून टाकला आणि ती वाढ पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली. म्हणजे तो आधी शिपाई होता, की पुजारी, की विद्वान, यावर ती अवलंबून. जन्मावर गुण ठरवू नयेत हे ज्या महाराष्ट्रात फुल्यांनी आणि आंबेडकरांनी सांगितले, तेथल्या मुलांना हा बदल समजवावा लागला नाही. त्यांनी तो एका संध्याकाळीच स्वीकारला. कसा? जुन्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून! खर्च शून्य.

आणि हे केवळ जुगाड नव्हे, पूर्ण कायदेशीर आहे. या खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग कंपनीने स्वतःच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केलेला आहे. जुन्या पाचव्या आवृत्तीचा जानेवारी २०२३ मध्ये आणि सुधारित आवृत्तीचा एप्रिल २०२५ मध्ये. तीनशेहून अधिक पानांचा दस्तऐवज कोणीही फुकट उतरवून घ्यावा, छापावा, वाटावा. सगळी चित्रे आणि सगळ्या शाखा त्यात नाहीत, पण खेळायला पुरेल एवढे नक्की आहे. मग बारा हजार कशाचे? जाड पुठ्ठ्याचे, गुळगुळीत कागदाचे, आणि 'आपण मागे पडलो' या भीतीचे. ही शेवटची वस्तू सर्वांत महाग असते.

ही भीती कशी विकतात ते मी शाळेत पुरेसे पाहिले आहे. दहावीची मार्गदर्शके काढणारा एक प्रकाशक दर दोन वर्षांनी 'सुधारित आवृत्ती' अशी चिकटपट्टी लावी. अभ्यासक्रम तोच, प्रश्न तेच, फक्त क्रम मागेपुढे केलेला. त्यामुळे वर्गात "पान बेचाळीस काढा" म्हटले की थोरल्या भावाचे पुस्तक घेऊन आलेल्या मुलाला पान सापडत नसे. एवढ्यासाठी तो मुलगा घरी जाऊन बापाकडे पैसे मागे. मी पानाचा आकडा सांगणे बंद केले आणि धड्याचे नाव सांगू लागले. माझ्या हाती तेवढेच होते.

या खेळामागची कंपनीही धुतल्या तांदळासारखी नाही. ज्या जानेवारी २०२३ मध्ये नियम खुले झाले, त्याच महिन्यात आधी काय घडले? सन २००० पासून इतर लहान प्रकाशकांना या नियमांवर पुस्तके काढण्याची जी मोकळीक होती, ती आवळण्याचा कंपनीचा मसुदा बाहेर फुटला. जगभरातल्या खेळाडूंनी गदारोळ केला, लोकांनी वर्गण्या बंद केल्या, तेव्हा कुठे कंपनी नमली आणि नियम खुले झाले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये तिने जाहीर केले की तिच्या इंटरनेटवरच्या सेवेतल्या पात्रांच्या तक्त्यांवर जुन्या मंत्रांच्या आणि जादूच्या वस्तूंच्या जागी नवे येतील. ज्यांनी जुने पैसे देऊन घेतले होते त्यांच्याही तक्त्यांवर! पुन्हा आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. दोन्ही वेळा लोक जिंकले हे चांगलेच झाले. पण आमच्या माजघरातल्या पुस्तकात कोणी रातोरात मंत्र बदलू शकत नाही, हे मला अधिक चांगले वाटते. आणि पावसाळ्यात वीज गेली तरी ते कंदिलाच्या उजेडात वाचता येते.

आणखी एक गंमत सांगते. आपल्याकडे मोक्षपट होता. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि शेवटी मोक्ष. तो इंग्लंडात जाऊन सापशिडी झाला. पुढे १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून घसरगुंड्या घातल्या आणि तो नव्याने विकला. ती कंपनी १९८४ साली हॅस्ब्रोने घेतली. डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापणारी कंपनीही १९९९ पासून हॅस्ब्रोचीच! म्हणजे मोक्षपटाची मोक्षाविना आवृत्ती आणि ड्रॅगनची नवी आवृत्ती, दोन्ही एकाच पेढीवरची. माझी तक्रार घसरगुंडीबद्दल नाही. माझे म्हणणे एवढेच की शंभर नवे पट निघाले तरी जुना पट चुकीचा ठरला नाही. कोणी आजही कवड्या घेऊन बसले तर तो तेवढाच खेळता येतो.

आता खरे कारण. एवढे लिहूनही ते मागेच राहिले होते.

त्या पाचांतला एक मुलगा भिवंडीचा आहे. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. तो एसटीने येतो, येताना आईने दिलेला काहीतरी खाऊ आणतो, आणि खेळात मांत्रिक असतो. त्याच्याकडे पुस्तक कधीच नव्हते. त्याने दोनशे पानी वहीत आपल्याला लागणारे सगळे नियम आणि मंत्र हाताने उतरवून घेतले आहेत, लाल आणि निळ्या शाईत, समास आखून. मूळ इंग्रजी, आणि खाली स्वतःच्या मराठीत अर्थ. मी शिक्षिका आहे, हजारो वह्या तपासल्या आहेत. अशी वही मी फार थोड्या वेळा पाहिली. गटात कोणाला नियम अडला की आता पुस्तक उघडत नाहीत, त्याला विचारतात. ज्याच्याकडे पुस्तक नव्हते तोच त्यांचे पुस्तक झाला आहे.

नवी तीन पुस्तके घरात आली की ती वही त्या दिवशी रद्दी होते. कोणी तसे बोलणार नाही, मुले चांगली आहेत. पण "अरे, ते आता असं नाहीये" हे वाक्य तासात दहा वेळा येईल आणि प्रत्येक वेळी तो वही मिटेल. भाची म्हणाली, "मग त्याच्यासाठी पण एक सेट आणते की!" तिचे मन मोठे आहे यात शंका नाही. पण ज्या मुलाने स्वतःच्या कष्टाने गटात जागा मिळवली, त्याला आपण बारा हजारांचे पुस्तक देऊन उपकृत करायचे, आणि तेही त्याचे काम निकामी करून? घेणाऱ्याची मान खाली जाते हो! आपल्याला ते दिसत नाही, कारण आपला हात देणाऱ्याचा असतो.

विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे मात्र प्रामाणिकपणे मान्य करते. एक, लिहिणाऱ्या-चित्रे काढणाऱ्या माणसांनाही पोट आहे. कोणीच काही विकत घेतले नाही तर खेळ जगणार कसा? खरे आहे. ज्या कंपनीने हा खेळ प्रथम काढला ती १९९७ साली कर्जात बुडून विकली गेली होती. म्हणून माझे म्हणणे, पैसे द्यायचेच तर नव्या गोष्टीला द्या. या खेळासाठी लिहिलेल्या तयार कथा मिळतात, लहान प्रकाशकांच्याही मिळतात. एक चांगली कथा वर्षभर पुरते. तेच नियम पुन्हा विकत घेण्यापेक्षा ते कितीतरी बरे. दुसरा मुद्दा, जे आज पहिल्यांदा खेळायला लागणार आहेत त्यांनी काय करावे? त्यांनी नवीच आवृत्ती घ्यावी. त्यांच्याकडे मोडण्यासारखा जुना करार नाही. माझा विरोध पुस्तकाला नाही, चालू डाव मोडून ते घेण्याला आहे.

तेव्हा भाचीला मी कळवले आहे की बाई, पुस्तके आणू नकोस. आणायचेच असेल तर त्या वेगवेगळ्या बाजूंच्या फाशांचे दोन संच आण. मुलांकडे पाचांत मिळून दीड संच आहे आणि वीस बाजूंचा फासा सारखा कपाटाखाली जातो. जुन्या पुस्तकाची शिवण उसवली आहे, ते भिवंडीला बांधणीला द्यायचे आहे. कापडी पाठ आणि मध्ये कोरी पाने घालून. त्या कोऱ्या पानांवर गटाने ठरवलेले नियम लिहायचे, ज्याने सुचवला त्याच्या नावासह. पहिले पान वहीवाल्या मुलाने लिहायचे असे मी सुचवले. ते मुलांना पटले.

नातवाला मी विचारले, "तुला वाईट वाटलं का रे?" तो म्हणाला, "थोडंसं. चित्रं भारी आहेत त्यात." खोटे बोलला नाही, बरे वाटले. चित्रे भारी असतीलच. ती पाहायला कधीतरी ठाण्याच्या एखाद्या दुकानात जाऊन चाळून येऊ.

लेकाला आणि दिरांना अजून पटलेले नाही. ते दिवाळीला येतील तेव्हा दोघांनाही सतरंजीवर बसवायचे, हातात एक-एक पात्र द्यायचे आणि अडले की वहीवाल्याला विचारायला लावायचे, असे मी आणि मुलांनी ठरवले आहे. त्यानंतर त्यांचे काय म्हणणे आहे ते ऐकू.